दुसऱ्यांदा फुटण्याआधी

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरताना एखाद्या जागी रबर झिजलेलं असलं, तर तिथं बोराएवढा फुगा वर येतो. पंक्चरवाला तो पाहताच पंपावरचा हात थांबवतो. बाकी सगळी ट्यूब धड असली तरी ती आता त्या बोराएवढ्या जागेच्या भरवशावर आहे, हे त्याला कळतं. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या धमनीवरही असा फुगा येतो. वैद्यकात त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. ट्यूबवरचा फुगा डोळ्यांना दिसतो. हा मात्र कवटीच्या आत, मेंदूच्या तळाशी, काही मिलिमीटरचा होऊन वर्षानुवर्षं बसलेला असतो, आणि ज्याच्या डोक्यात तो आहे त्याला बहुधा पत्ताही नसतो.

अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. जगभरच्या तपासण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की शंभर प्रौढांमागे साधारण तिघांच्या डोक्यात न फुटलेला अ‍ॅन्युरिझम असतो. त्यांतले बहुतेक कधीच फुटत नाहीत. माणूस आपलं आयुष्य पुरं करून दुसऱ्याच कशानं तरी जातो. फुटतात ते थोडे, वर्षाला एक लाख लोकांमागे सहा ते नऊ. पण ते फुटतात पन्नाशीच्या आसपास, घर चालवणाऱ्या माणसांत, आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. आकडा लहान असला तरी प्रत्येक आकड्यामागे एक अख्खं घर उभं असतं.

हा फुगा कुठंही येत नाही. मेंदूच्या बुडाशी चार मोठ्या धमन्या वर येतात आणि एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार करतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६६४ साली त्याचं नेटकं वर्णन केलं, म्हणून ते आजही विलिसचं कडं म्हणून ओळखलं जातं. या कड्याला जिथं फाटे फुटतात, नेमक्या त्या दुबेळक्यावर रक्ताची धार सरळ भिंतीवर आदळते. हृदय दिवसाकाठी एक लाखाच्या आसपास ठोके देतं, म्हणजे तेवढेच धक्के. त्यात मेंदूच्या धमन्यांची भिंत शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ असते आणि तिला बाहेरून लवचीक अस्तर नसतं. रक्तदाब वाढलेला असला, माणूस विडी-सिगारेट ओढत असला, तर भिंत लवकर खचते. काही घराण्यांत हा दोष पिढीजात येतो. मूत्रपिंडात गाठींचे पुंजके होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्या रोग्यांतही अ‍ॅन्युरिझम अधिक आढळतो. आमच्या छत्तीसगडात दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखूचं मंजन, घासणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. अ‍ॅन्युरिझमशी पक्का पुरावा जुळतो तो धूम्रपानाचा, पण गुडाखूतलं निकोटिनही रक्तदाब चढवतंच, आणि दिवसातून चार-पाच वेळा ते घासणाऱ्याला आपण तंबाखू घेतो असं वाटतही नाही.

फुगा फुटला की काय होतं, ते ज्यांच्यावर गुदरलं त्यांचे शब्द जवळजवळ सारखेच असतात. डोक्यात वीज पडली. कुणी मागून घण घातला. आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं. दुखणं हळूहळू चढत नाही. एका क्षणी काही नसतं आणि मिनिटभरात ते शिखरावर असतं. अर्धशिशी चढायला वेळ घेते, हे घेत नाही. पाठोपाठ ओकारी होते, मान आखडते, उजेड सोसवत नाही. काही जण त्या क्षणीच शुद्ध हरपतात, आणि दहाबारा टक्के लोक इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत.

पण बरेच जण थोड्या वेळानं सावरतात, आणि खरा घात इथं होतो. मेंदूत रक्तस्राव म्हटलं की आपल्याला तोंड वाकडं झालेला, एक हात-पाय लुळा पडलेला माणूस आठवतो. अ‍ॅन्युरिझमचं रक्त बहुतेक वेळा मेंदूच्या गाभ्यात न शिरता मेंदूवरच्या पातळ पडद्याखाली, जिथं पाण्यासारखा द्रव असतो तिथं पसरतं. म्हणून हात-पाय चालतात, बोलणं चालतं, माणूस उठून पाणीही पितो. अर्धांग दिसत नाही, म्हणून घरातलं कुणी घाबरत नाही. उलटी झाली म्हणजे पित्त उसळलं. मे महिना असला तर ऊन लागलं. रायपूरच्या उन्हाळ्यात ही शंका अगदी रास्त वाटते. रक्तदाब मोजला तर तो चढलेलाच असतो, कारण वेदनेनं आणि मेंदूवरच्या ताणानं तो चढतोच. मग बीपीमुळं डोकं दुखतंय असं ठरतं आणि गोळी देऊन घरी पाठवलं जातं. खेड्यात आधी बैगाला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावलं जातं. यातल्या कुणालाही मी दोष देत नाही. माणूस बोलतोय, चालतोय, ओळखतोय. मग तो मरणाच्या दारात आहे असं कोण म्हणेल?

फुटलेली धमनी तेवढ्या वेळापुरती थांबली कशी, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. रक्त बाहेर पडलं तशी कवटीच्या आतली दाबाची पातळी वाढली, बाहेरच्या दाबानं धार अडली, आणि भोकावर रक्ताची एक गुठळी बसली. खपली म्हणा. ही खपली फार कच्ची असते. गुठळ्या विरघळवण्याची शरीराची नेहमीची यंत्रणा तिलाही विरघळवायला लागते. त्यामुळं फुगा दुसऱ्यांदा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो, आणि उपचार झालाच नाही तर पहिल्या दोन आठवड्यांत पाचांतल्या एकाच्या आसपास रोग्यांना दुसरा रक्तस्राव होतो. पहिल्यातून वाचलेल्यांतले फार थोडे दुसऱ्यातून वाचतात. गुठळी टिकून राहावी म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध लगेच देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला. २०२१ साली निकाल आला: रोगी पुढं कसा राहतो, यात त्यानं फरक पडला नाही. भोक बंद करण्याला पर्याय नाही, एवढं त्यातून पुन्हा एकदा दिसलं.

फुग्यात आतून भरायची प्लॅटिनमची बारीक तार, म्हणजे कॉइल, हेच काम करते. ती पहिला रक्तस्राव बरा करत नाही. सांडलेलं रक्त ती काढत नाही, दुखावलेला मेंदू ती जोडत नाही. ती दुसरा रक्तस्राव होऊ देत नाही. म्हणून तिची सगळी किंमत या दोहोंच्या मधल्या वेळात आहे.

हा मधला वेळ छत्तीसगडात रस्त्यावर जातो. जगदलपूरहून रायपूर जवळपास ३०० किलोमीटर. कोंडागावनंतर केशकालचा घाट उतरायचा, कांकेर, धमतरी करत वर यायचं. सरगुज्याकडून येणाऱ्यांची वाट त्याहूनही लांब. ओडिशातल्या नुआपाडा, कालाहांडीची माणसंही रायपूरलाच येतात. इकडं राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया या पट्ट्यातली कुटुंबं ठरवतात, रायपूर की नागपूर? आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या, चौबे कॉलनीतल्या जुन्या मराठी घरांनी हा प्रश्न कित्येक वर्षं एकाच प्रकारे सोडवला. भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेल्या मराठी माणसाची लग्नं, शिक्षणं, दुखणी सगळी नागपूरकडं वळत आली, आणि मेंदूचं दुखणं म्हणजे तर नागपूरच. तिथं डॉ. जी. एम. ताओरींनी उभं केलेलं सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस होतं, मेंदूच्या विकारांसाठी नावाजलेलं. ३०० किलोमीटरचा तो प्रवास, मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या गाडीनं किंवा जीपमध्ये मागं आडवं टाकून, फुटलेला फुगा घेऊन करायचा असे.

ते चित्र बदललं. रायपुरात टाटीबंधला एम्स २०१२ साली सुरू झालं. मेडिकल कॉलेजचं आंबेडकर रुग्णालय, ज्याला सगळं शहर मेकाहारा म्हणतं, ते होतंच. राज्य झाल्यावर ज्या डीके हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं, तिथं २०१८ मध्ये दाऊ कल्याणसिंह यांच्या नावानं सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभं राहिलं. खासगी इस्पितळांतही मेंदूच्या धमन्यांत नळी घालणारे डॉक्टर आले. शहर बदललं, पण केशकालचा घाट तिथंच आहे, आणि डोक्यात वीज पडल्यासारखं दुखणं पित्त समजून घालवलेली रात्रही तिथंच आहे.

या फुग्याला हात कसा लावायचा, हे शोधायला माणसाला फार काळ लागला. आधी तो दिसायला हवा होता. १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत क्ष-किरणांना दिसणारा द्रव सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र पहिल्यांदा काढलं. (त्यांना पुढं नोबेल मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी, मेंदूचा पुढचा भाग छेदण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी नंतर टाकून द्यावी लागली. मला मात्र त्यांचं मोठं काम हे पहिलंच वाटतं.) मग २३ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडली आणि फुग्याच्या मानेवर चांदीचा बारीक चिमटा लावला. त्या रोग्याची एका डोळ्याची पापणी खाली पडली होती, कारण फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत होता. एकाएकी पडलेली पापणी आणि मोठी झालेली बाहुली ही आजही अ‍ॅन्युरिझमची एक धोक्याची खूण आहे; फुटण्याआधी सूचना देणारे जे थोडे फुगे असतात, ते अशी देतात. चिमट्याची, म्हणजे क्लिपची, ती पद्धत पुढं सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय सफाईदार झाली आणि अजूनही जगभर होते. पण तिच्यासाठी कवटी उघडावी लागते, सुजलेला मेंदू बाजूला सारावा लागतो.

आतून जाता येईल का, हा प्रश्न मॉस्कोच्या फ्योदर सेर्बिनेंको यांनी धरून ठेवला. मे दिनाच्या मिरवणुकीत मुलांच्या हातातले दोरीचे फुगे पाहून त्यांना सुचलं असं सांगतात: नळीच्या टोकाला एक इवलासा फुगा बांधायचा, रक्ताच्या ओघाबरोबर तो पुढं न्यायचा आणि हव्या त्या जागी फुगवून सोडून द्यायचा. १९७० च्या दशकात त्यांनी हे शेकडो रोग्यांत करून दाखवलं. पण फुगा गोल फुगतो, आणि अ‍ॅन्युरिझम क्वचितच गोल असतो; भिंतीवर ताण आला की ती फाटायची.

पुढचा उलगडा एका अपघातानं झाला, आणि ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. इटलीचे मेंदूशल्यविशारद गुइदो गुल्येल्मी अ‍ॅन्युरिझममध्ये विजेनं रक्त गोठवता येईल का, हे प्राण्यांवर पाहत होते. रक्तपेशींवर ऋण भार असतो. धन भाराची तार आत ठेवली तर त्या तिच्याकडं ओढल्या जातील आणि गुठळी बनेल, असा विचार. प्रयोगात त्यांच्या पोलादी तारेचं टोक तुटून आतच राहिलं. कारण शाळेत शिकतो तेच होतं. विद्युत विघटनात धन टोकाकडचं लोखंड झिजून द्रावणात जातं, आणि रक्त हे खारट द्रावणच आहे. प्रयोग बिघडला होता. पण गुल्येल्मींच्या ध्यानात राहिलं, की धक्का न देता, ओढाताण न करता, बटण दाबून तार सुटी करता येते. पुढं ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेले, तिथं फर्नांडो विन्युएला यांच्या बरोबर आणि इव्हान सेपेत्का या अभियंत्याच्या हातानं या आठवणीचं साधन बनलं: प्लॅटिनमची मऊ कॉइल, तिच्या मागं पोलादी तार, आणि दोहोंच्या जोडाला मिलिअँपिअरभर वीज. पोलाद विरतं, प्लॅटिनमला काही होत नाही. १९९० साली ते माणसात पहिल्यांदा वापरलं गेलं आणि १९९५ मध्ये अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. आज काही कंपन्यांच्या कॉइल्स विजेऐवजी यांत्रिक खटक्यानं किंवा उष्णतेनं सुटतात, पण तत्त्व तेच: जागेवर बसली अशी खात्री होईपर्यंत कॉइल मागं घेता येते, आणि सोडली की सुटते.

कॉइल म्हटलं की आपल्याला जळालेली मोटार किंवा डास पळवणारी हिरवी चकती आठवते. ही कॉइल आधी केसाहूनही बारीक अशा प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळून केलेली स्प्रिंग असते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. त्या स्प्रिंगला पुन्हा वेटोळ्याचा आकार शिकवलेला असतो. नळीत असताना ती सरळ राहते, मोकळी जागा मिळताच आपलं वेटोळं धरते. प्लॅटिनम निवडलं त्याला कारणं आहेत: ते मऊ आहे, गंजत नाही, शरीर त्याच्याशी भांडत नाही, क्ष-किरणात ठसठशीत दिसतं, आणि एमआरआयच्या चुंबकाला ते ओढलं जात नाही. रोग्याचे नातेवाईक हा शेवटचा प्रश्न हमखास विचारतात. प्लॅटिनमची कॉइल असताना पुढं एमआरआय करता येतो. कॉइल बसवल्याचं इस्पितळातून मिळालेलं कार्ड मात्र जपून ठेवावं आणि तपासणीच्या आधी दाखवावं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. रोग्याला पूर्ण भूल दिलेली असते, कारण खोकला आला तरी चालणार नाही. जांघेतल्या धमनीत, किंवा हल्ली मनगटातल्या धमनीत, एक नळी बसवतात. तिच्यातून दुसरी, लांब नळी पोटातल्या, छातीतल्या महाधमनीतून मानेपर्यंत नेतात. तिच्या आतून तिसरी, मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची, सूक्ष्म नळी कवटीत शिरते. दोन्ही बाजूंनी क्ष-किरण यंत्र फिरत असतं. पडद्यावर हाडं पुसून टाकून केवळ धमन्यांचा झाडासारखा विस्तार दिसतो, आणि एका फांदीच्या बेचक्यात तो फुगा लोंबत असतो. डॉक्टरांचे हात जांघेशी आणि डोळे वर पडद्यावर. सूक्ष्म नळीचं टोक फुग्यात नेऊन ठेवणं हा या कामातला सगळ्यात नाजूक क्षण, कारण भिंत आधीच फाटलेली आहे आणि कच्च्या खपलीवर उभी आहे.

पहिली कॉइल मोठी, चौकटीची. ती फुग्याच्या भिंतीला आतून धरून पिंजरा करते. मग त्या पिंजऱ्यात लहान लहान, मऊ मऊ कॉइल्स भरत जायच्या. रोगी पाहणाऱ्यांना वाटतं, फुगा प्लॅटिनमनं गच्च भरला. तसं नसतं. जागेचा पाव भाग, फार तर तीस टक्के, तारेनं व्यापला की पुरे. नदीकाठच्या एखाद्या डोहात काटक्या-कुटक्या अडकल्या की धार मंदावते आणि गाळ बसायला लागतो. खारून नदीच्या कडेला पावसाळा ओसरताना हे कुणीही पाहू शकतं. तसंच इथं. तारेच्या जाळ्यानं रक्ताचा भोवरा थांबतो, रक्त तिथं थिजतं, आणि आठवड्या-महिन्यांत फुग्याच्या तोंडावर धमनीचं नवं अस्तर चढतं. म्हणजे काम कॉइल सुरू करते, पुरं शरीर करतं.

फुग्याचं तोंड रुंद असलं तर कॉइल बाहेर घरंगळून धमनीत येईल, म्हणून तात्पुरता फुगा फुगवून किंवा जाळीदार स्टेंट ठेवून तिला अडवतात. स्टेंट आला की रक्त पातळ करणारी औषधं आली, आणि ज्याच्या डोक्यात नुकताच रक्तस्राव झाला त्याला ती देणं ही तारेवरची कसरत असते. काही अ‍ॅन्युरिझम अजूनही उघड्या शस्त्रक्रियेनं, क्लिप लावूनच, बरे सुटतात. कानशिलाच्या बाजूच्या धमनीचे बरेचसे तसेच. ज्या इस्पितळात दोन्ही कामं करणारे एकत्र बसून चित्र पाहतात, तिथं रोग्याचं भलं होतं असं मला वाटतं. एकच हत्यार असलेल्या ठिकाणी सगळे रोग त्या हत्याराच्या मापाचे दिसू लागतात.

क्लिप बरी की कॉइल, याचा कस लावणारी मोठी चाचणी १९९४ मध्ये सुरू झाली. इसाट म्हणून ती ओळखली जाते. २,१४३ रोगी, अ‍ॅन्युरिझम फुटलेला, दोन्ही उपचार शक्य असलेले. वर्षानंतर पाहिलं तर मृत किंवा परावलंबी झालेले क्लिपच्या गटात सुमारे ३१ टक्के आणि कॉइलच्या गटात सुमारे २३.५ टक्के. फरक एवढा स्पष्ट दिसू लागला की २००२ मध्ये नवे रोगी घेणं थांबवलं गेलं. कॉइलनंतर फुगा पुन्हा उघडण्याचं प्रमाण मात्र अधिक निघालं. इतर अभ्यासांतही साधारण पाचांतल्या एकात काही भाग पुन्हा भरलेला दिसतो, आणि दहांतल्या एकाला पुन्हा उपचार लागतो. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करावी लागते. बरं वाटतंय म्हणून ती टाळणारे रोगी पुष्कळ असतात, आणि हे टाळणं महागात पडू शकतं. कॉइल घालतानाही धोका असतो, फुगा टोचून फुटण्याचा आणि गुठळी पुढं सरकून अर्धांग होण्याचा. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी हे विचारावं, डॉक्टरांनी सांगावं.

कॉइल बसली, फुगा बंद झाला. बाहेर बसलेल्या मुलाला, भावाला वाटतं, आता दोन दिवसांत घरी. आणि मग आयसीयूचे बारा-चौदा दिवस सुरू होतात, तेव्हा कुजबुज होते: ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, मग ठेवलंय कशाला, बिल वाढवायला? हा संशय मी फार ऐकला आहे, आणि तो अज्ञानातून येतो. सांडलेलं रक्त मेंदूच्या पडद्याखाली कुजायला लागलं की आजूबाजूच्या धमन्या चिडून आकसतात. चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हाही. धमनी आकसली की पुढच्या भागाला रक्त कमी, आणि बोलता-चालता माणूस सातव्या दिवशी हात हलवेनासा होतो. त्यासाठी निमोडिपिन ही गोळी दर चार तासांनी, एकवीस दिवस, रात्री दोन वाजता उठवूनसुद्धा द्यायची असते. द्रवाचा निचरा तुंबून मेंदूत पाणी साचलं तर नळी टाकावी लागते. शरीरातलं मीठ घसरतं. हे दिवस राखणीचे असतात, आणि नर्सचे डोळे इथं यंत्राइतकेच मोलाचे असतात.

ब्रिटिश अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिनं २०१९ मध्ये लिहून सांगितलं, की २०११ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, व्यायामशाळेत तिचा अ‍ॅन्युरिझम फुटला, कॉइल बसली, आणि त्यानंतर काही दिवस तिला स्वतःचं नाव उच्चारता येत नव्हतं. दोन वर्षांनी दुसऱ्या अ‍ॅन्युरिझमचा उपचार कॉइलनं होईना, कवटी उघडावी लागली. मोठ्या शहरांत, इतक्या लवकर पोचूनही इतकं सोसावं लागलं. आयसीयूच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकाला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणजे पाचव्या दिवशी रोगी बरळला तर तो खचणार नाही.

उलट बाजूही आहे. हल्ली चक्कर आली, मान दुखली, की एमआरआय होतो आणि रिपोर्टात एका ओळीत चार मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम निघतो. घरात सुतक पडतं. असा न फुटलेला, सात मिलिमीटरहून लहान, पुढच्या बाजूच्या धमन्यांवरचा फुगा पाच वर्षांत फुटण्याची शक्यता अतिशय कमी असते. २००३ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी कधी रक्तस्राव न झालेल्या लोकांत, ती शून्याजवळ निघाली. मागच्या बाजूचे फुगे अधिक धोक्याचे. घरात आधी कुणाला रक्तस्राव झाला असेल, फुगा वेडावाकडा असेल किंवा वाढत असेल, तर हिशेब बदलतो. बाकी पुष्कळांना लागतं ते एवढंच: विडी बंद, रक्तदाब ताब्यात, आणि ठरल्या वेळी पुन्हा चित्र. प्रत्येक फुग्यात कॉइल घालू पाहणारा डॉक्टर आणि कुठलाच फुगा न मानणारा रोगी, दोघांपासून सावध राहावं.

पैशाचा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. कॉइल हजारांत मिळते आणि एक पुरत नाही. चार, सहा, कधी अधिक लागतात, शिवाय नळ्या, तारा, स्टेंट. शेत विकून उपचार झाल्याची उदाहरणं आपल्याकडं कमी नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा आधार आहे आणि मेंदूच्या धमन्यांत नळीनं करायच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग तिच्या यादीत आहे. छत्तीसगडानं २०२० पासून डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावानं स्वास्थ्य सहायता योजना चालवली. महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती असायला हवी. अडतं ते कागदांवर. रोगी आत गेला त्याच दिवशी एका माणसानं रेशनकार्ड आणि आधार घेऊन आयुष्मानच्या खिडकीवर उभं राहावं. डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव करून हाती काही लागत नाही.

डॉक्टरांची टंचाई हा दुसरा अडसर. हे काम शिकायला एमबीबीएसनंतर एमडी, त्यावर तीन वर्षांचं डीएम. तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था, बंगळुरूचं निमहान्स, दिल्लीचं एम्स अशा मोजक्याच ठिकाणी जागा, त्याही बोटांवर मोजण्याइतक्या. मुंबईत परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. उदय लिमये यांच्यासारख्यांनी ही शाखा गरीब रोग्यांसाठी रुजवली, याचं मोल मला फार वाटतं. कारण कॉइल ज्याच्या डोक्यात जायची, तो पैसेवाला असेलच असं नाही. रायपूरसारख्या शहरात असा एक डॉक्टर टिकला तर त्याच्यामागं बस्तरपासून सरगुज्यापर्यंतचा पट्टा उभा असतो.

इस्पितळाच्या दारात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात: डोकं नेमकं किती वाजता दुखायला लागलं? हे उगाच विचारलेलं नसतं. पहिल्या सहा तासांत चांगल्या यंत्रावर काढलेला सीटी स्कॅन रक्त जवळपास कधीच चुकवत नाही. पुढं रक्त पाण्यात मिसळून फिकं होत जातं. आठवड्यानं आलेल्या रोग्याचा स्कॅन निम्म्या वेळा स्वच्छ दिसू शकतो, आणि मग पाठीच्या कण्यातून पाणी काढून त्यात जुन्या रक्ताचा पिवळा रंग शोधावा लागतो. म्हणून वेळ लक्षात ठेवावी. १०८ ला फोन करावा. अ‍ॅस्पिरिन देऊ नये. चालत नेऊ नये, आडवं ठेवून न्यावं. ओकारी श्वासात जाऊ नये म्हणून कुशीवर.

सहा महिन्यांनी कोंडागावची एखादी बाई पुन्हा रायपूरला येते, या वेळी बसनं, खिडकीशी बसून. तपासणीनंतर डॉक्टर पडद्यावर तिला तिच्याच डोक्यातल्या धमन्या दाखवतात. साध्या चित्रात एका बेचक्यात गुंतवळ्यासारखी काळी गाठ दिसते, ते प्लॅटिनम. पुढच्या चित्रात हाडं आणि तार दोन्ही पुसलेली असतात, रक्त तेवढं वाहताना दिसतं. ते बेचक्यापाशी येतं, दोन फाट्यांत वळतं आणि पुढं जातं. मध्ये कुठं थांबत नाही.